दुकानातला कट्टा

मराठीत ‘कट्टा’ हा शब्द दोन जागी भेटतो. एक कट्टा पारावर किंवा पुलाच्या कठड्यावर जमणाऱ्या मंडळींचा. दुसरा पोलिसांनी कुणाच्या तरी कमरेतून काढलेला आणि ‘गावठी’ हे विशेषण लावून पेपरात छापून आलेला. हे दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदताना बघायचे असतील तर अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात, शनिवारी सकाळी, बंदुकीच्या दुकानात जाऊन उभं राहावं.

मी उभा राहतो ते दुकान ओहायोत, महामार्गापासून जरा आत, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी आहे. मी बंदूक बाळगत नाही. शेजाऱ्याला जुन्या शॉटगनचं वेड आहे. त्याच्या गाडीतून जाता-येता मलाही त्या जागेची सवय लागली. काउंटरच्या एका टोकाला तीन उंच स्टुलं. त्यांवरची माणसं ठरलेली: एक निवृत्त पोलीस, एक यंत्रकारखान्यात हयात घालवलेला कारागीर आणि एक व्हिएतनामला जाऊन आलेला, फारसं न बोलणारा. महिन्याकाठी काडतुसांचा एखादा डबा ही मंडळी घेतात, तोही बहुधा लाजेकाजेस्तव. बाकी वेळ कॉफी, हवामान, गुडघेदुखी आणि बंदुका.

एकदा विशीतला एक मुलगा आला. त्याने जुन्या मालाच्या कपाटातली स्मिथ अँड वेसनची ‘मॉडेल १०’ रिव्हॉल्व्हर बघायला मागितली. १८९९ पासून चालत आलेलं हे घराणं. साठ लाखांहून जास्त नग निघाले, आणि अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला तीन-चार पिढ्या हेच असायचं. मुलाने गोळ्यांचं चक्र बाहेर काढून पाहिलं आणि मनगटाला झटका देऊन खटकन आत बसवलं. सिनेमात बसवतात तसं. तिन्ही स्टुलांवरून एकदम कण्हल्यासारखा आवाज आला. दुकानदाराने काही न बोलता रिव्हॉल्व्हर परत घेतली. कारागीर उठला. चक्र ज्या लहानशा हातावर झुलतं त्या हाताकडे त्याने बोट दाखवलं आणि मुलाला समजावलं: हा हात केसभर वाकला की चक्राचं भोक आणि नळी एका रेषेत राहत नाहीत, मग गोळीचं शिसं कडेने खरवडलं जातं. मुलगा कानापर्यंत लाल झाला. पण पुढची वीस मिनिटं तो कारागिराच्या शेजारीच उभा होता. घोडा हळूहळू मागे ओढताना चक्र नेमकं कधी अडकतं ते कान लावून कसं ऐकायचं, नळीत उजेड टाकून काय बघायचं, हे शिकत.

या स्टूलवाल्यांची अमेरिकेत टिंगल खूप होते. ‘गन शॉप कमांडो’ हे त्यांचं ठरलेलं टोपणनाव. युद्धाच्या गप्पा मारणारा, प्रत्येक गिऱ्हाइकाला न मागता सल्ला देणारा, स्वतः काही न घेणारा माणूस. टिंगल खोटी नाही, पण अपुरी आहे. जुन्या बंदुकांच्या व्यवहारात कायद्याला जे दिसतं आणि जे दिसत नाही, त्याच्या सीमेवर ही माणसं बसलेली असतात. बंदुकीच्या प्रश्नावर अमेरिकेत ढिगाने लिहिलं जातं, पण त्यातलं बरंचसं नव्या बंदुकीबद्दल आणि नव्या कायद्याबद्दल असतं. बंदूक मात्र शंभर वर्षं टिकते. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधन-प्रकल्पाच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे दर शंभर माणसांमागे एकशे वीस. त्यांतल्या कित्येकींचा पहिला मालक केव्हाच वारला.

गंमत म्हणजे हा काउंटर आज जसा आहे तसा झाला तो एका जुन्या बंदुकीमुळेच. ली हार्वी ऑस्वाल्डने राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफल इटालियन लष्कराने मोडीत काढलेली, १९४० साली बनलेली कार्कानो होती. मासिकातल्या जाहिरातीचं कूपन भरून मार्च १९६३ मध्ये त्याने ती शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. नाव खोटं दिलं होतं आणि तोंड कुणी पाहिलं नव्हतं. पाच वर्षं चर्चा चालली, मधे मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडींचे खून झाले, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’वर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. टपालाने घरपोच बंदूक बंद झाली. धंद्यासाठी लागणारा केंद्राचा परवाना कडक झाला. प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक सक्तीचा झाला. तोवर पॉइंट टू-टूच्या स्वस्त रायफली बिनक्रमांकाच्याच निघत. तशा अजूनही कपाटांतून सापडतात आणि त्या बेकायदा नाहीत. सगळ्यात मोठा परिणाम साधा होता. गिऱ्हाइकाला दुकानात येऊन, काउंटरवर कोपर टेकून, माणसासमोर उभं राहणं भाग पडलं.

आता मालाकडे वळू. नव्या बंदुकीत दुकानदाराला फार सुटत नाही. तीच वस्तू मोठ्या साखळीदुकानात दहा-वीस डॉलरने स्वस्त असते आणि गिऱ्हाईक खिशातला फोन काढून ते दाखवतंही. दुकान चालतं ते काडतुसं, पट्टे, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे जुन्या मालावर. त्याचे तीन रस्ते आहेत. दुकानदार रोख देऊन विकत घेतो, नव्यावर बदली म्हणून घेतो, किंवा ‘कन्साइनमेंट’वर ठेवतो, म्हणजे माल तुमचा, कपाट त्याचं, विकल्यावर पंधरा-वीस टक्के त्याचे. रोखीने घेताना तो विक्रीच्या किमतीच्या साधारण निम्मे, फार तर साठ टक्के देऊ करतो. आणणाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो. पण आपल्याकडे जुनी स्कूटर विकताना काय होतं ते आठवलं तर दुकानदाराचा राग येणार नाही.

किंमत ठरवण्याचं शास्त्र मोठं रंजक आहे. ‘ब्लू बुक’ नावाचं जाडजूड दरपुस्तक काउंटरखाली असतं. त्यात मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे यावर भाव लावलेले असतात. अठ्ठ्याण्णव टक्के आणि नव्वद टक्के यांत शेकडो डॉलरचा फरक पडू शकतो, आणि तो फरक ओळखणारी नजर पुस्तकात मिळत नाही. स्टुलावरची मंडळी आधी बघतात ते स्क्रू. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या, कडा उचकटलेल्या असतील तर कुणीतरी घरी, चुकीच्या पेचकसाने ती उघडली आहे. मग आत आणखी काय केलं असेल ते देवच जाणे. नंतर लाकडी दस्ता जिथे लोखंडाला भिडतो त्या रेषेत गंज दिसतो का ते बघतात. मग नळी. कुणी हौसेने दस्ता पॉलिशपेपरने घासून नवा केला असेल, किंवा झिलई पुन्हा चढवली असेल, तर बंदूक दिसायला देखणी होते आणि किंमत पडते. हे नवख्याला पटत नाही. जुन्या वाड्याला ऑइलपेंट फासल्यावर आपल्याला जे वाटतं, ते या मंडळींना नव्या झिलईने वाटतं.

काही तारखा इथे पाढ्यांसारख्या पाठ असतात. विंचेस्टर कंपनीने १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी बनावटीची पद्धत बदलली. म्हणून त्याआधीच्या ‘मॉडेल ७०’ रायफलीला आजही वेगळा भाव मिळतो. नव्या पद्धतीच्या रायफलींचे अनुक्रमांक सात लाखांपासून सुरू झाले, तेव्हा क्रमांक त्याखालचा निघाला की स्टुलं पुढे सरकतात. मार्लिनच्या रायफलींचंही तसंच. नळीच्या मुळाशी लंबगोलात ‘जेएम’ ही संस्थापक जॉन मार्लिनची आद्याक्षरं असतील तर ती जुन्या कारखान्यातली. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने कंपनी घेतली, पुढे कनेक्टिकटचा कारखाना बंद करून काम हलवलं, जुने कामगार गेले आणि मालाचा दर्जा घसरला. त्या काळातल्या रायफलींना कट्ट्यावर ‘रेमलिन’ म्हणतात, नाक मुरडून. २०२० मध्ये रूगरने मार्लिन विकत घेतली, तेव्हा आता नव्या वादाला विषय आहे. कोल्टची ‘पायथन’ १९५५ ची. ती बंद पडली तेव्हा जुन्यांचे भाव चढले, आणि २०२० मध्ये कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा जुनी चांगली की नवी यावर किती कॉफी संपली असेल!

या ज्ञानाची दुसरी बाजू मी एका नोव्हेंबरात पाहिली. साठी उलटलेल्या एक बाई घोंगडीत गुंडाळलेल्या पाच बंदुका घेऊन आल्या. नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला होता. घर विकायचं होतं आणि या वस्तूंचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. दुकानदार आत फोनवर होता. त्या दोनतीन मिनिटांत काउंटरवर फक्त बाई, घोंगडी आणि स्टूलवाले. घोंगडीतून विंचेस्टरची एक मॉडेल ७० डोकावत होती. निवृत्त पोलिसाने क्रमांक वाचला, मान वर केली आणि म्हणाला, “ही आज विकू नका. बाकीच्या चार द्या. ही कन्साइनमेंटवर ठेवा.” तो पाचशे डॉलर पुढे करून ती गाडीत टाकून घेऊन जाऊ शकला असता. ओहायोत एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांनी आपापसात असा व्यवहार करायला ना फॉर्म लागतो, ना चौकशी. दुसऱ्या कुठल्या दुकानात, दुसऱ्या कुठल्या स्टुलावर असं घडतही असणार. इथे मात्र एक अलिखित नियम कडक आहे: दुकानदाराच्या दारात त्याचं गिऱ्हाईक फोडायचं नाही. विकायला आलेल्या माणसाला पार्किंगमध्ये गाठणाऱ्याचं स्टूल जातं.

आणि याच ठिकाणी कट्टा कायद्याला जाऊन भिडतो. स्वस्तात घ्यायची, थोडं तेलपाणी करायचं, चार पैसे मिळवून विकायची, हा अनेक स्टूलवाल्यांचा जोडउद्योग असतो. मग छंद संपून धंदा कुठे सुरू होतो? १९६८ च्या कायद्याने यावर धूसर भाषा वापरली. १९८६ च्या दुरुस्तीने उपजीविका आणि नफा हा मुख्य हेतू असेल तरच धंदा, असं म्हटलं आणि स्वतःच्या संग्रहातल्या बंदुका विकणाऱ्याला मोकळीक दिली. जून २०२२ च्या कायद्याने ‘उपजीविका’ हा शब्द काढून टाकला. प्रामुख्याने नफ्यासाठी विकत असाल तर परवाना घ्या. किती बंदुका विकल्या की व्यापारी, याचा आकडा मात्र कायद्यात कधीच नव्हता आणि आजही नाही. पुढे २०२४ मध्ये सरकारने याचे तपशीलवार नियम काढले आणि ते लगेच कोर्टात गेले. परवानाच स्वस्त करून सगळ्यांना आत घ्यावं, हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. १९९० च्या सुमारास वर्षाला दहा डॉलरात परवाना मिळे. तेव्हा अडीच लाखांच्या आसपास व्यापारी होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून धंदा करणारे. १९९३-९४ मध्ये शुल्क तीन वर्षांना दोनशे डॉलर झालं, बोटांचे ठसे आणि स्थानिक नियम आले, आणि दशक संपेपर्यंत व्यापाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली. टेबलवाल्यांना कुणी दुकानातून हाकललं नाही. ते आपोआप काउंटरच्या अलीकडे, स्टुलावर आले.

कागद काय काय लक्षात ठेवतो तेही पाहू. परवानाधारक दुकानात बंदूक घ्यायची, नवी असो वा जुनी, तर ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयच्या यंत्रणेकडून तत्काळ तपासणी होते. शिवाय दुकानदाराची ‘बाउंड बुक’ नावाची वही असते: बंदूक कुणाकडून आली, कुणाला गेली. आपल्या सावकाराच्या खतावणीसारखीच. पण मध्यवर्ती नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने सरकारला बंदी आहे. म्हणून गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रातले कर्मचारी कारखान्याला फोन करतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरं त्याच केंद्रात येऊन पडतात. एके काळी कागद इतका साचला की मजला खचेल या भीतीने खोकी बाहेर मालवाहू कंटेनरमध्ये ठेवावी लागली. आता त्यांची छायाचित्रं घेतात, पण नाव टाकून शोधता येईल अशी व्यवस्था करायला मनाई आहे. एवढा खटाटोप करून हाती लागतो तो पहिला ग्राहक. त्याने १९८७ साली ती मेव्हण्याला दिली, मेव्हण्याने शिकारीच्या जोडीदाराला, जोडीदाराच्या मुलाने गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या जत्रेत विकली, हे कुठल्याच वहीत नसतं. कट्ट्यावर मात्र कुणाला तरी आठवत असतं. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक तर केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. ती आजही टपालाने घरी येऊ शकते.

जुन्या मालावरून झालेले दोन खटले स्टुलांवर वारंवार निघतात. विल्यम हडलस्टन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९७१ मध्ये बायकोच्या तीन रायफली ऑक्सनार्डच्या एका गहाणवटीच्या दुकानात ठेवल्या आणि नंतर पैसे भरून सोडवल्या. त्याच्यावर आधीचा गुन्हा होता, खात्यात पैसे नसताना चेक दिल्याचा, आणि फॉर्मवर त्याने ‘गुन्हा नाही’ असं लिहिलं. घरचीच वस्तू परत आणली, यात घेणं-देणं कसलं, हा त्याचा सवाल होता. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गहाण सोडवणं म्हणजे व्यापाऱ्याकडून घेणंच. आजही गहाण ठेवलेली आपली बंदूक सोडवायला तोच फॉर्म भरावा लागतो. दुसरा खटला ब्रूस अब्राम्स्कीचा. हा माजी पोलीस. आपल्याला सवलत मिळेल म्हणून त्याने व्हर्जिनियात काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. काकांनी ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवला होता आणि त्यावर कशासाठी तेही लिहिलं होतं. काका स्वतः बंदूक घ्यायला पूर्ण पात्र, आणि पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांच्या नावावर हस्तांतरही रीतसर दुकानातून झालं. तरी ‘खरा खरेदीदार मीच’ या चौकटीतली खूण खोटी ठरली. २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम झाली. निवृत्त पोलिसाला हा निकाल अजून पचलेला नाही. मला तो बरोबर वाटतो, आणि मी ते त्याला सांगितलेलं आहे. त्या शनिवारी कॉफी मला कुणी दिली नाही.

मग गुन्हेगारांकडे बंदुका येतात कुठून? बहुतेक दुकानांचा त्याच्याशी संबंध नसतो आणि मोजक्या दुकानांचा फार असतो. बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २००० साली जाहीर केलं की माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के जेमतेम १.२ टक्के व्यापाऱ्यांपर्यंत पोचतात. २००२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात दोघांनी लपून बसून माणसं टिपली. त्यांची रायफल टॅकोमातल्या ज्या दुकानातून नाहीशी झाली होती, तिथे तपासणीत दोनशेहून जास्त बंदुकांचा हिशेब लागेना. दुसरीकडे, २०१६ मध्ये कैद्यांना विचारून केलेल्या सरकारी पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती चोरबाजारातून मिळवली होती, चतुर्थांशांनी नातलग-मित्रांकडून, दुकानांतून दहाएक टक्क्यांनी. गन शोमधून एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे गन शोवर होणारी आरडाओरड जरा अस्थानी आहे आणि ‘दुकानात सगळं आलबेल’ हा स्टूलवाल्यांचा दावाही. खरा प्रश्न मधल्या पायऱ्यांचा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीप्रमाणे, आधीच्या दोन वर्षांत बंदूक मिळवलेल्यांपैकी २२ टक्क्यांची कसलीच तपासणी झाली नव्हती. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन अशा राज्यांनी खासगी व्यवहारही दुकानातून करणं सक्तीचं केलं. ओहायोने नाही.

सरकारी हातही या बाजारात स्वच्छ नव्हते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पोलीसदलांनी रिव्हॉल्व्हर सोडून ग्लॉक घेतली आणि जुन्या रिव्हॉल्व्हर बदल्यात दिल्या. त्या फिरून दुकानांत आल्या. न्यू ऑर्लीन्स हे बंदूक-कंपन्यांवर दावा लावणारं पहिलं शहर, साल १९९८. त्याच सुमारास त्या शहराने आपल्याकडच्या जप्त बंदुका नव्या ग्लॉकच्या बदल्यात बाजारात जाऊ दिल्या होत्या. हे उघड झालं तेव्हा काउंटरवाल्यांना किती आनंद झाला असेल ते सांगायला नको.

कट्ट्याचा तोटा काय? तो अनोळखी माणसाला बाहेर ठेवतो. बाई दुकानात आली की न विचारता तिच्यासमोर छोटी, हलकी, आखूड नळीची रिव्हॉल्व्हर येते, क्वचित गुलाबी मुठीची. नवशिक्यासाठी याहून वाईट निवड शोधून सापडणार नाही: चाप जड, झटका जबर, नेम धरायला नळी तोकडी. हे स्टुलांवरच्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी सुचवलं तेच जातं. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख अमेरिकी प्रौढांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या आणि पाचांत एक कृष्णवर्णीय. कोविडच्या पहिल्या वर्षात जेनिफर कार्लसन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी चार राज्यांतल्या पन्नास विक्रेत्यांशी बोलून पुस्तक लिहिलं, ‘मर्चंट्स ऑफ द राइट’. विक्रेता वस्तूबरोबर एक राजकीय जगही विकतो, असं त्या म्हणतात. ते मला पटतं, पण स्टुलांवर ते जग जरा ढिलं असतं. तिथे एकाच दमात सरकारला शिव्या असतात आणि म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याची काळजीही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती न्यू हॅम्पशरमधली गोष्ट. २००९ मध्ये तिथल्या एका दुकानातून, आठवड्याभराच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन माणसांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांत आत्महत्या केल्या. दुकानाचे मालक राल्फ डेमिको. त्यांना हे कळवलं गेलं तेव्हा त्यांनी चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं. आपल्या नजरेतून काय सुटलं ते शोधत. मग दुकानदार, नेमबाज आणि आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एलेन फ्रँक, कॅथी बार्बर अशा मंडळींनी एकत्र बसून एक साधी चिठ्ठी तयार केली. गिऱ्हाईक बंदुकीबद्दल काहीच जाणत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही, कुठलीही चालेल म्हणतं, काडतुसं थोडीच हवीत, घाई आहे, डोळे रडलेले आहेत. असं दिसलं तर विकू नका, नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. दुकानांना भिंतपत्रकं पाठवली. नंतर कुणी न सांगता जाऊन पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्या दुकानांत ती लावलेली आढळली. पुढे ही पद्धत अनेक राज्यांत गेली. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. चर्चा मात्र उरलेल्यांचीच जास्त होते.

या कामात स्टूलवाले बिनपगारी पहारेकरी ठरतात. दुकानदाराला गल्ला, फोन, फॉर्म सांभाळायचे असतात. माणसाकडे निवांत बघायला वेळ असतो तो यांनाच. आमच्या दुकानात ते भिंतपत्रक कॉफीयंत्राच्या वर आहे. मितभाषी गृहस्थ एकदा स्टुलावरून उठून एका पोराला बाहेर घेऊन गेले आणि त्याच्या ट्रकच्या मागल्या फळीवर तासभर बसले. बोलणं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पोराने त्या दिवशी काही घेतलं नाही. अशी न झालेली विक्री बाउंड बुकात येत नाही.

आता स्टुलं कमी होत आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बंदुकांचे लिलाव इंटरनेटवर होतात. माल परराज्यातून येतो आणि स्थानिक दुकान फक्त फॉर्म भरून घेऊन पंचवीस-तीस डॉलर कापतं. साखळीदुकानांनी जुन्या मालाची वेगळी दालनं काढली. कॅबेलाजमध्ये त्याला ‘गन लायब्ररी’ म्हणतात. लाकडी कपाटं, मंद दिवे, बसायला स्टूल नाही.

आपल्याकडे हा बाजार उलटा चालतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. त्यामुळे आजोबांची वेब्ली रिव्हॉल्व्हर लाखांत जाते. अमेरिकेत तिला काहीशे डॉलर मिळाले असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवल्या आणि तिसरी वर्षभरात जमा करायला लावली. विकायची तर जिल्हाधिकाऱ्याला पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावं लागतं. भारतात कट्टा जमायला वावच नाही. कोकणातल्या शेतकऱ्याच्या माळ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी असते आणि निवडणूक आली की ती जमा करायची वेळ येते. वानर आणि रानडुकरांना आचारसंहिता नसते, ही त्याची तक्रार रास्त आहे. पण आपली बंदूक कोणत्या वहीत, कोणत्या ठाण्यात आहे, हे त्याला ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींशी दोन शब्द. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणं गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात येतं. शेजारी प्रेमाने बोलावतो. आधी वकिलाला विचारा. आणि ज्यांचं ग्रीनकार्ड झालं आहे, ज्यांनी २०२० मध्ये घाबरून एखादं पिस्तूल घेतलं आणि ते तेव्हापासून मोज्यांच्या खणात पडून आहे, त्यांनी ते विकायचं ठरवलं तर अनोळखी माणसाला पार्किंगमध्ये देऊ नका. काउंटरवर न्या. पंचवीस-तीस डॉलर जातील, स्टुलावरचा कुणीतरी स्क्रूच्या खाचा बघून नाक मुरडेल, पण ते कुणाच्या हातात गेलं हे एका वहीत लिहिलं जाईल.